जोडीदाराचं कार्ड

पाणीपुरवठा केंद्राच्या फाटकावर जे हजेरीचं यंत्र होतं त्याला तिचं खरं नाव ठाऊक होतं. बाकी सगळ्यांसाठी ती फिल्टरबाई. नदीचं गढूळ पाणी वाळूच्या हौदांतून गाळलं जातं ते हौद तिच्या ताब्यात. तरुणपणी नोकरीला लागली ती तिथेच, आणि नवरा गेला तेव्हाही बदली मागितली नाही. नाकासमोर चालणारी बाई. मोठ्याने हसायची नाही, पण हसवलं तर खांदे हलायचे.

तिची जोडीदार शेजारच्या खोलीत काम करायची. गाळून आलेल्या पाण्यात औषध सोडायचं तिचं काम, म्हणून तिचं नाव क्लोरीन पडलं. ही फिल्टरबाईपेक्षा लहान, ठेंगणी, बडबडी, आणि अंगाला कायम त्या औषधाचा वास. "मी गर्दीत हरवले तर वासावरून शोधा," असं स्वतःच म्हणायची. तिचा नवराही त्याच केंद्रात होता. शहराकडे जाणाऱ्या मोठ्या नळांच्या चाव्या तो फिरवायचा, म्हणून तो चावीवाला. केंद्राच्या आवारातच नोकरांच्या खोल्या होत्या. या नवराबायकोची खोली आणि फिल्टरबाईची खोली यांच्यामध्ये एकच भिंत. त्यांची एकुलती एक लेक दोन्ही दारांतून आतबाहेर करत वाढली. फिल्टरबाईला ती मावशी म्हणायची, आणि पोटचं मूल नसलेल्या फिल्टरबाईला ते म्हणवून घेताना काय वाटायचं ते वेगळं सांगायला नको.

या केंद्रात एक रीत होती. बाहेरच्या माणसाला ती सरळसरळ लबाडी वाटेल. एखादीचं मूल आजारी पडलं, कुणाला उशीर झाला, तर तिचं हजेरीचं कार्ड जोडीदाराने मारायचं. साहेब लोकांना हे माहीत होतं आणि ते डोळेझाक करायचे, कारण या रीतीला दुसरी बाजू होती. जिचं कार्ड मारलं तिचं कामही आपण अंगावर घ्यायचं. तिच्या फेऱ्या आपण घालायच्या, तिचे नमुने आपण तपासायचे, काही बिघडलं तर बोलणी आपण खायची. कार्ड मारून काम टाळणाऱ्याला तिथे कुणी पाण्यालाही विचारत नसे. फिल्टरबाईचा नवरा गेला तेव्हा क्लोरीनने कितीतरी दिवस दोघींची कार्डं मारली आणि दोन्ही खोल्या सांभाळल्या. त्याबद्दल दोघींमध्ये कधी एक शब्द झाला नाही. आभार मानले असते तर क्लोरीनने तोंड फिरवलं असतं.

म्हणजे त्या फाटकावर कार्डाचा अर्थ असा होता, की काम होईल. माणूस आत आहे की नाही, ही चौकशी त्यात नव्हती.

एका परदेशी संस्थेने पाणी शुद्ध करणाऱ्या बायकांसाठी अभ्यासदौरा काढला. सगळा खर्च संस्थेचा. केंद्रातून दोन जागा होत्या आणि साहेबांनी या दोघींची नावं दिली. फिल्टरबाईला मनातून जायचं नव्हतं. या वयात शाळेत जाऊन बसायचं म्हणजे काय, असं तिला वाटत होतं. पण क्लोरीनचा जीव त्या दौऱ्यात अडकला होता, आणि त्याचं कारण पाण्याशी संबंध नसलेलं होतं. तिची लेक त्याच देशात होती.

लेक गेली होती एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करायला. ती बाई वारली. तिथे राहायचा परवाना त्या नोकरीला बांधलेला, तोही संपला. पण तोवर पोरीने तिथल्याच एका बेकरीतल्या माणसाशी संसार मांडला होता, मूल झालं होतं, आणि आता ती लोकांच्या घरांची साफसफाई करून चोरासारखी राहत होती. घरी यायला विमानात बसली तर परत जाता येणार नाही. कुणा अंमलदारासमोर उभी राहिली तर मूल तिथे आणि मुलाची आई इथे, अशी ताटातूट व्हायची. हे क्लोरीनला माहीत होतं आणि फिल्टरबाईला माहीत होतं. चावीवाल्याला सांगितलं नव्हतं. त्याच्या पोटात काही राहत नसे. तो दहा जणांना विचारत सुटला असता, आता काय करायचं म्हणून. त्याच्या लेखी पोरगी तिकडे सुखात होती आणि माजली होती, म्हणून बापाला भेटायला येत नव्हती.

"तू जातेयस तर ती येईल ना भेटायला?" त्याने निघताना विचारलं.

"येईल की. न येऊन सांगते कुणाला?" क्लोरीन म्हणाली, आणि पिशवीचे बंद बांधायला लागली.

तिथे पहिल्याच दिवशी सगळ्यांना एका खोलीत बसवून हक्क आणि जबाबदाऱ्या समजावून दिल्या. समजावणारी समन्वयक बाई उंच, शांत आणि मनगटावरच्या घड्याळाकडे सारखी बघणारी. क्लोरीनने तासाभरात तिचं नाव घड्याळबाई ठेवलं. शेजारी एक दुभाषा पोरगा बसून ती म्हणेल ते मराठीत सांगत होता. हक्क एका पानात संपले. येण्याजाण्याचं तिकीट, राहायला खोली, दोन वेळचं जेवण, एक गरम कोट, एक फोन, आजारी पडलं तर त्याच दिवशी खोलीवर डॉक्टर, आणि देव न करो पण काही वाईट झालंच तर विमा. जबाबदाऱ्या मात्र पानं उलटत उलटत चहाच्या सुट्टीपर्यंत चालल्या. प्रत्येक तासाला हजर राहायचं. दौरा अर्धवट सोडायचा नाही. शहराबाहेर एकट्याने जायचं नाही. नातेवाइकांकडे राहायचं नाही. परत गेल्यावर तीन वर्षं नोकरी सोडायची नाही आणि शिकलेलं इतरांना शिकवायचं. रविवारी सहल होती. सहल हा हक्क होता आणि सहलीला हजर राहणं ही जबाबदारी. एकाने नियम मोडला तर त्याला घरी धाडणार आणि त्याच्या कार्यालयाला पुन्हा जागा मिळणार नाही, हेही सांगितलं. पासपोर्ट संस्थेच्या तिजोरीत गेले, हरवू नयेत म्हणून.

दोघींत वयाने मोठी म्हणून फिल्टरबाईला गटप्रमुख केलं. गटप्रमुखाला थोडा अधिकार होता. अभ्यासाच्या कामासाठी कुणाला अर्धा दिवस शहराबाहेर पाठवायचं असेल तर ती परवानगी देऊ शकत होती, फक्त कुठे आणि कशाला ते समन्वयक बाईला कळवायचं.

शेवटी गळ्यात घालायची कार्डं दिली. पुढच्या बाजूला फोटो आणि नाव. मागे रक्तगट, विम्याचा क्रमांक आणि एक फोन नंबर. "या नंबरावर कुठल्याही वेळी फोन करा," घड्याळबाई म्हणाली आणि दुभाष्याने सांगितलं, "तुमच्या भाषेत बोलणारं माणूस मिळेल. तुम्हाला बोलता येत नसेल तर समोरचा माणूस कार्ड बघून फोन करेल. हा तुमचा हक्क आहे. कार्ड गळ्यातून काढू नका." वर्गाच्या दाराशी यंत्र होतं. त्याला कार्ड टेकवलं की हजेरी लागायची.

"बघ ताई," क्लोरीन कुजबुजली, "इतक्या लांब आलो तरी फाटकावरचं मशीन पाठ सोडत नाही."

राहायची खोली बरी होती. दोन पलंग, भिंतीला गरम नळ्या, एक खिडकी. खिडकीतून बसचा आगार दिसायचा. क्लोरीन सकाळ-संध्याकाळ तिथे उभी. कुठली बस कुठे जाते हे तिने पाट्यांवरच्या अक्षरांचे आकार लक्षात ठेवून शिकून घेतलं. लेकीचं गाव तीन तासांवर, मध्ये एका ठिकाणी बस बदलायची.

"ताई, एक दिवस," ती म्हणाली. "सकाळच्या बसने जाते, शेवटच्या बसने येते. नातवाला एकदा मांडीवर घेते आणि येते."

"घड्याळबाईला विचार."

"काय विचारू? कुणाकडे जातेस म्हणाली तर काय सांगू? पोरीचा पत्ता देऊ तिला?"

"मग आजारी आहे म्हणून पडून राहतेस असं सांगते."

"डॉक्टर येईल की खोलीवर. हक्क आहे ना आपला!" क्लोरीन हसली, पण डोळे भरले होते. "पोरगं चालायला लागलंय, ताई. मी अजून त्याचा आवाज फोनवरच ऐकतेय. परत कधी येणार आहे मी या देशात? माझं कार्ड मार. एवढंच कर."

फिल्टरबाईने नाही म्हणायला तोंड उघडलं. मग तिला आपला नवरा गेला तेव्हाचे ते दिवस आठवले असतील, किंवा लेकीचं लहानपण. ती एवढंच म्हणाली, "शेवटची बस चुकवू नकोस."

संस्थेचा फोन क्लोरीनने खोलीतच ठेवला, कारण कोण कुठे आहे ते फोनवरून कळतं असं कुणीतरी म्हणालं होतं. पत्ता लिहून घेतला नव्हता. कुठे लिहू नको असं लेकीनेच बजावलं होतं, ती स्टँडवर घ्यायला येणार होती. गळ्यातलं कार्ड काढून क्लोरीनने फिल्टरबाईच्या हातात दिलं आणि उजाडताना ती बाहेर पडली. खिडकीतून फिल्टरबाईने तिला बसमध्ये चढताना पाहिलं. चढण्यापूर्वी क्लोरीनने वर बघून हात हलवला, सहलीला निघालेल्या पोरीसारखा.

त्या दिवशी दारावरचं यंत्र फिल्टरबाईसाठी दोनदा वाजलं. आणि रीतीप्रमाणे तिने दोघींचं काम केलं. व्याख्यान दोन वह्यांत उतरवलं. दुपारी पाण्याचे नमुने तपासायचे होते, तिने आपलेही तपासले आणि क्लोरीनचेही, आणि दोन्ही बरोबर आले. वर्गात बऱ्याच देशांच्या बाया होत्या, शिकवणारा रोज नवा. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. संध्याकाळी खोलीकडे जाताना तिला, खरं सांगायचं तर, बरं वाटत होतं. जोडीदारासाठी काहीतरी केलं होतं तिने, आणि नीट केलं होतं.

दार उघडलं तेव्हा क्लोरीनचा फोन वाजत होता. बराच वेळ वाजत असावा. तिने घेतला.

"आई?"

"मी मावशी."

"मावशी, आई कुठेय? मी सकाळपासून स्टँडवर उभी आहे. बाळाला घेऊन. तिकडून येणारी प्रत्येक बस बघितली."

फिल्टरबाईने खिडकीतून आगाराकडे पाहिलं. "निघाली सकाळीच. बस चुकली असेल मध्ये. तिला वाचता कुठे येतंय तिथलं."

"एवढा वेळ? मावशी, तू सांग कुणाला तरी. तुझ्या त्या बाईंना सांग."

"सांगितलं तर शोधत शोधत तुझ्यापर्यंत येतील."

"येऊ देत."

"पोराचं काय?"

पलीकडे बाळ रडत होतं.

"शेवटची बस येऊ दे," फिल्टरबाई म्हणाली. "ती त्या बसने परत येईल. मग बघू."

एकदा ती जिना उतरून घड्याळबाईच्या दारापर्यंत गेली. आत दिवा होता. टकटक करायला हात उचलला आणि खाली घेतला. दारामागे काय काय होतं ते तिला दिसत होतं. पोरीला पकडून नेतील, क्लोरीनला घरी धाडतील, केंद्राच्या जागा जातील, ज्या पोरींची पुढची पाळी होती त्या आपल्या नावाने खडे फोडतील. आणि इतकं करून क्लोरीन शेवटच्या बसमधून हसत उतरली तर? माणूस मरत असेल हे मात्र तिला त्या दाराशी सुचलं नाही. आयुष्यभर नियम पाळलेल्या माणसाला नियम मोडल्याचीच भीती मोठी वाटते, दुसरं काही दिसतच नाही. ती वर आली आणि खिडकीत बसली. शेवटची बस आली, रिकामी झाली, आगारात जाऊन उभी राहिली.

सकाळी तिने दोन्ही कार्डं घड्याळबाईच्या टेबलावर ठेवली. "माझी जोडीदार काल बाहेर गेली. परत आली नाही."

घड्याळबाईने फोन उचलला. शोधायला फार वेळ लागलाच नाही. जिथे बस बदलायची त्या गावच्या रुग्णालयात एक अनोळखी बाई आदल्या दिवशी आणली होती. ती पहाटे वारली.

त्या रुग्णालयाच्या पायऱ्या चढताना दुभाष्या पोराने फिल्टरबाईचा दंड धरला होता. तळघरातल्या खोलीत ओळख पटवायची होती. चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं, तिने मान हलवली, झालं. अंगाला औषधाचा तो वास अजून येत होता. वर आल्यावर नर्स भेटली. नर्स सांगत होती आणि पोरगा ओशाळल्यासारखा मराठीत आणत होता. इथल्या स्टँडवरच्या बाकावर ही बाई छाती धरून बसली होती. लोकांना आधी वाटलं झोपलीय. मग कुणीतरी गाडी बोलावली. हृदयाचा झटका होता. इथे आणल्यावर शुद्धीवर होती, सारखी बोलत होती. आम्हाला येत होत्या त्या सगळ्या भाषा बोलून बघितल्या. नाव विचारलं, घर विचारलं. तिच्याजवळ काहीच नव्हतं.

"आणि ती असं करत होती," नर्स म्हणाली आणि स्वतःचा हात गळ्याशी नेऊन चाचपून दाखवला. पुन्हा पुन्हा. "आम्हाला वाटलं श्वास कोंडतोय. आम्ही गळ्याचं बटण सोडलं."

ती कार्ड शोधत होती. हे फिल्टरबाईला कळलं, आणि कळल्यावर ती तिथल्या बाकावर बसली. कार्ड असतं तर दुपारीच कुणीतरी मागचा नंबर फिरवला असता. कुठूनतरी एक मराठी आवाज त्या खोलीत आला असता. काय होतंय बाई, कुठे दुखतंय, कुणाला बोलावू, असं विचारलं असतं. फिल्टरबाई संध्याकाळपर्यंत उशाशी येऊन बसली असती. जगली असती की नाही कोण जाणे, डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. पण जे शेवटचं बोलली ते कुणाच्या तरी कानात पडलं असतं. आणि ज्या वेळी ती गळा चाचपत होती त्या वेळी ते कार्ड फिल्टरबाईच्या पिशवीत होतं, नीट, सांभाळून ठेवलेलं.

घड्याळबाई शेजारी येऊन बसली. त्या दिवशी तिने घड्याळाकडे पाहिलं नाही. ती हळू बोलत होती आणि पोरगा त्याहून हळू. गटप्रमुखाच्या परवानगीने, अभ्यासाच्या कामाला गेली असेल, तर तिचे सगळे हक्क शाबूत आहेत. शव घरी जाईल, घरच्यांना भरपाई मिळेल. आपल्या मनाने गेली असेल तर काहीच नाही. इथली नगरपालिका इथेच कुठेतरी पुरेल.

"इथे तिचं कुणी होतं का?"

"नाही," फिल्टरबाई म्हणाली. "कुणी नाही."

"मग या गावी ती कशाला आली?"

येताना गाडीतून फिल्टरबाईला गावाबाहेर एक जुनं पंपघर दिसलं होतं. उंच विटांचं धुराडं, वर गवत उगवलेलं. "मी पाठवलं तिला. इथलं जुनं पंपघर बघून ये म्हटलं. तुम्हाला कळवायला विसरले."

"आणि कार्ड तुम्ही मारलंत."

"आमच्याकडे तसंच मारतात."

घड्याळबाईला खोटं कळत नव्हतं असं नाही. "याचा सगळा दोष तुमच्यावर येईल. समजतंय ना?"

"समजतंय."

तिने तसं लिहून दिलं. पोराने वाचून दाखवलं, तिने सही केली.

लेकीला फोन तिने रुग्णालयाच्या अंगणातून केला. पोरगी रडली नाही. ओरडलीही नाही. "मी निघते," म्हणाली. "आईला बघते. पकडलं तर पकडू दे."

"येऊ नकोस."

"मावशी, माझी आई आहे ती."

"तू आलीस तर कोण म्हणून सांगशील? इथे तिचं कुणी नाही असं मी लिहून दिलंय. तू दिसलीस की मी खोटी पडते, मग तिला घरीही पाठवणार नाहीत. इथेच पुरतील."

"कुणी नाही?" लेक म्हणाली. मग विचारलं, "कोट होता का तिच्या अंगावर?"

"होता."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. ती आली नाही. मावशीचं ऐकलं तिने, लहानपणी ऐकायची तसं.

शव घरी आलं आणि मागोमाग फिल्टरबाईही, दौरा संपायच्या आत. केंद्रात मोठा मान दिला गेला. साहेबांचं भाषण झालं. क्लोरीनचा फोटो मोठा करून फाटकावरच्या यंत्राच्या वर टांगला आणि खाली लिहिलं, परदेशी अभ्यासदौऱ्यात कर्तव्य बजावताना. फोटोत ती हसत होती, कारण ती नेहमीच हसायची. फिल्टरबाईची बढती थांबली, चौकशी झाली, ताकीद मिळाली. संस्थेने केंद्राच्या जागा कायमच्या बंद केल्या. ज्यांची पुढची पाळी होती त्या पोरी तिच्याशी कामापुरतं बोलायच्या. कार्डं मारायची रीतही बंद पडली. या सगळ्याचं तिला विशेष वाटलं नाही. हे होणार हे ती सही करतानाच जाणून होती.

जे जाणून नव्हती ते पुढे आलं. चावीवाला कामावर परत आला तो वेगळाच माणूस होऊन. चाव्या फिरवायचा, मुकाट घरी जायचा. पण लेकीचा विषय निघाला की त्याचं तोंड सुटायचं. आणि विषय तोच काढायचा.

"त्याच देशात होती," पंपाच्या घरघरीवर आवाज चढवून तो सगळ्यांना सांगायचा. "त्याच देशात. आई तिथे बेवारशासारखी मेली आणि ही तोंड बघायला आली नाही. जिवंतपणी नाही, मेल्यावर नाही. आता फोन करते रोज. कशाला करते? माझ्यासाठी तीही मेली."

ऐकणारे मान डोलवायचे. पोरगी वाईटच निघाली, असं सगळ्या केंद्राचं मत झालं. फिल्टरबाई खाली मान घालून हौदाकडे चालू लागायची. भिंतीपलीकडे फोन वाजायचा, वाजून वाजून थांबायचा. मग तिचा वाजायचा. "मावशी, बाबा फोन घेत नाहीत," लेक म्हणायची. "घेतील," ती म्हणायची. असं किती दिवस चाललं ते तिने मोजलं नाही, पण एक दिवस तिला ते सहन होईना.

शहराकडे जाणाऱ्या सगळ्यात मोठ्या नळाची चावी एका खड्ड्यात आहे. दुपारी तिथे कुणी नसतं. ती कठड्याशी जाऊन उभी राहिली. तो खाली उतरून चावीला वंगण लावत होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "ती पंपघर बघायला गेली नव्हती. लेकीकडे चालली होती. पोरीचा परवाना संपलाय, ती उघड फिरू शकत नाही, म्हणून चोरून चालली होती. पोरगी बाळाला घेऊन दिवसभर स्टँडवर उभी होती. ती रुग्णालयातही येणार होती. मी येऊ दिलं नाही."

तो वंगण लावत राहिला.

"त्या संध्याकाळीच पोरीने मला सांगितलं होतं, आई पोचली नाही, कुणाला तरी सांग. मी सकाळपर्यंत थांबले. आणि तिच्या गळ्यातलं कार्ड माझ्याजवळ होतं. ते असतं तर..." ती उभ्या उभ्या रडायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

चावीवाल्याने हात पुसले. शिडी चढून वर आला. त्याचा चेहरा शांत होता, आणि तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तुमचं लिहून दिलेलं मी ऐकलंय, ताई," तो म्हणाला. "साहेबांनी वाचून दाखवलं. पंपघर बघायला गेली, असं आहे त्यात. तुमची सही आहे."

"ते खोटं आहे."

"असेल."

"मग पोरीचा फोन घ्या. तिचा काही दोष नाही."

तो कठड्याला टेकला. खाली नळातून सगळ्या शहराचं पाणी धावत होतं, त्याचा आवाज पायांना जाणवत होता.

"पोरगी लांब आहे," तो म्हणाला. "तिच्यावर मला रागावता येतं. दिवसभर रागावतो, मग झोप लागते. तुम्ही म्हणता ते खरं धरलं, तर तो राग तुमच्यावर धरावा लागेल. तुम्ही भिंतीपलीकडे राहता. पहाटे नळ सोडता ते मला ऐकू येतं. रोज तुमच्यासोबत पाळीला उभं राहायचंय मला अजून किती वर्षं. मला नाही जमणार ते, ताई. तुम्ही लिहून दिलंय तेच राहू द्या."

तो पुन्हा खाली उतरला. जादा पाणी सोडायची वेळ झाली होती. त्याने दोन्ही हातांनी चावी धरली, आणि एकट्याला ती जड जात होती म्हणून फिल्टरबाईही खाली उतरली आणि दुसऱ्या बाजूने जोर लावायला लागली.